मोंढ्यातली पट्टी आणि अर्थशास्त्राचा तास: चालू घडामोडींतून शिकवू पाहणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी नववी-दहावीला भूगोल आणि अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत ‘चालू घडामोडी’ या नावाखाली मी रोज सकाळी वर्तमानपत्रातील दोन-तीन ठळक मथळे फळ्यावर लिहीत असे. आज सेन्सेक्स, उद्या पेट्रोल, परवा अर्थसंकल्प. मुले ते वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काहीही त्यांच्या ध्यानात नसे. मथळा पुस्तकातील कोणत्या संकल्पनेशी जोडायचा हे मला ठाऊक होते, पण त्या बातमीचा त्यांच्या घराशी काय संबंध आहे हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

पुढे वर्षानुवर्षे करून पाहिल्यावर माझी जी पद्धत बसली, ती येथे पायरीपायरीने लिहीत आहे. तिचे सार एवढेच आहे की रोज नवी बातमी आणण्यापेक्षा मुलांच्या घरातून जाणारा एकच भाव निवडावा आणि वर्षभर त्याचाच माग काढावा. बाकीच्या बातम्या त्या भावाच्या वाटेवर आपोआप भेटतात.

सुरुवातीला हाताशी काय असावे

यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही. माझ्या कपाटात असलेले साहित्य असे:

- दोनशे पानी लांब वही, जिला आम्ही ‘भाववही’ म्हणतो, आणि आलेख कागदाचा गठ्ठा.
- स्थानिक आवृत्तीचे एक वर्तमानपत्र, ज्यात बाजार समितीचे भाव नियमित येतात. ते शाळेत येत नसेल तर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर बाजारनिहाय दैनंदिन भाव मिळतात.
- राज्याची आर्थिक पाहणी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती दरवर्षी राज्य अर्थसंकल्पाच्या आधी प्रसिद्ध करते आणि ती मराठीतही असते. तिच्यातील जिल्हानिहाय तक्ते अकरावीच्या ‘महाराष्ट्राची अर्थव्यवस्था’ या प्रकरणासाठी फार उपयोगी पडतात.
- आडतीवरील (शेतमाल विकून देणाऱ्या दलालाच्या दुकानातील) विक्रीपट्टीच्या, किराणा पावतीच्या आणि वीजबिलाच्या छायाप्रती. त्यांवरील नाव, गाव, खातेक्रमांक आणि भ्रमणध्वनी क्रमांक आधी काळ्या शाईने झाकलेले असावेत. हे काम मुलांवर सोपवू नका, स्वतः करा.
- मुख्याध्यापकांची किंवा प्राचार्यांची लेखी परवानगी, निदान बाहेरच्या भेटीपुरती तरी.

पायरी १: पाठ्यक्रम आणि वर्षाचे कॅलेंडर शेजारी ठेवा

जून महिन्यातच एक मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला प्रकरणे लिहा आणि उजव्या बाजूला वर्षभरात ठरलेल्या काळात येणाऱ्या आर्थिक घटना लिहा. खरीप हमीभावाची घोषणा साधारणपणे पेरणीच्या तोंडावर होते, रब्बीची दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. रिझर्व्ह बँकेच्या, व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची बैठक सुमारे दोन-दोन महिन्यांनी असते. किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येतो. केंद्रीय अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि राज्याचा त्यानंतर, बहुधा मार्चमध्ये. ऊस गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि त्याच वेळी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही गेल्याने आपल्याकडच्या अनेक वर्गांतील काही बाके रिकामी होतात, हेही त्याच कागदावर नोंदवा.

हे मांडून झाले की प्रकरणांचा क्रम थोडा मागेपुढे करता येतो का ते पाहा. ‘पुरवठा विश्लेषण’ मी ऑक्टोबरमध्ये घेते, कारण तेव्हा सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, येत असते. ‘सार्वजनिक वित्त’ जानेवारीच्या अखेरीस ठेवते. ‘निर्देशांक’ केव्हाही घेता येतो, मात्र तो महिन्याच्या १२ तारखेनंतरच्या आठवड्यात घ्यावा. नववीच्या भूगोलातील ‘अर्थशास्त्राशी परिचय’ आणि ‘व्यापार’ ही प्रकरणे लागोपाठ घेतली तर उत्तम.

पायरी २: एकच धागा निवडा

निवडीची कसोटी सोपी आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी ती वस्तू विकली जाते किंवा विकत घेतली जाते का? दोन्ही होत असेल तर त्याहून चांगले काही नाही. आमच्या भागात सोयाबीन ही तशी वस्तू आहे. वडील सोयाबीन विकतात आणि आई त्याच आठवड्यात किराणा दुकानातून तेलाची पिशवी आणते. विकणारा आणि घेणारा एकाच घरात असतो, आणि अर्थशास्त्रातील बहुतेक वाद त्या घराच्या ओसरीवर आणून बसवता येतात.

तुमच्या भागात दुसरे काही असेल. वसमत-हिंगोलीकडे हळद आहे, परभणीकडे कापूस आहे, जालन्यात मोसंबी, रेशीम कोष आणि सळईचे कारखाने आहेत, भूमच्या परिसरात खवा आहे. छत्रपती संभाजीनगरात वाळूज किंवा शेंद्रा येथील कारखान्यांत पालक काम करत असतील, तर पगार आणि ओव्हरटाइम हाच धागा ठरू शकतो. बीडमध्ये ऊस आहे, आणि तेथे दोन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत: एक कारखान्याने द्यावयाच्या रास्त व किफायतशीर दराचा, जो २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता आणि ज्यातून आपल्याकडे तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, आणि दुसरा त्या तोडणीवर जगणाऱ्या कुटुंबाचा. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मजुरी आहे, हे वाक्य त्या वर्गात फळ्यावर लिहिण्याची गरजही पडत नाही.

यापुढे उदाहरण म्हणून मी सोयाबीनच घेते, कारण मला तेच जवळून ठाऊक आहे.

पायरी ३: भाववही सुरू करा आणि ती बंद पडू देऊ नका

दर सोमवारी दोन मुले चार आकडे लिहितात: जवळच्या बाजार समितीतील सोयाबीनचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, आणि गावातील दुकानातील एक लिटर सोयाबीन तेलाचा भाव. त्यापुढे एक ओळ: या आठवड्यात काय घडले? पाऊस, आवक, सण, सरकारचा निर्णय, जे कानावर आले असेल ते.

पहिले दोन महिने ही वही अगदी निरस वाटते. मुले कंटाळतात आणि आपणही कंटाळतो. या टप्प्यावर ती बंद पडण्याचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून जोड्या आधीच ठरवून भिंतीवर लावा. दिवाळीपर्यंत वीस-बावीस नोंदी झाल्या की आलेख काढा. त्या दिवशी वर्गात प्रश्न तुम्हाला विचारावे लागत नाहीत.

दोन तांत्रिक गोष्टी येथेच सांगून टाकते. सर्वसाधारण भाव म्हणजे किमान आणि कमाल यांची सरासरी नव्हे, तर ज्या भावाच्या आसपास जास्तीत जास्त माल विकला गेला तो भाव. मुले बेरीज करून दोनने भागतात, त्यांना तेथेच थांबवा, कारण याच चुकीतून ‘बहुलक’ (सर्वाधिक वेळा येणारे मूल्य) शिकवता येतो. दुसरे म्हणजे एकके. मोंढ्यातला भाव क्विंटलचा असतो आणि दुकानातला लिटरचा किंवा किलोचा. एकाच आलेखावर दोन्ही रेषा काढायच्या असतील तर पहिल्या सोमवारचा भाव १०० मानून पुढचे सगळे भाव त्या प्रमाणात बदलून घ्यावेत. हे केले की बारावीच्या मुलांनी निर्देशांक स्वतःच्या हाताने तयार केलेला असतो, आणि मग पुस्तकातील सूत्र त्यांना परके वाटत नाही.

पायरी ४: पट्टी वाचायला शिकवा

या पायरीवर मी सर्वाधिक वेळ देते, सलग तीन तासिका. त्याचे कारण एक प्रसंग आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अकरावीतील एका मुलाने वडिलांची विक्रीपट्टी आणली. चार घड्या घातलेली, घामाने एका कोपऱ्यात शाई पसरलेली, गुलाबी कागदाची. तीवर बारा कट्टे, वजन ७ क्विंटल २० किलो, भाव ४,१५० रुपये, आणि खाली हमाली व तोलाई वजा केलेली. मुलाने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि वर्तमानपत्राचे कात्रण शेजारी ठेवले. कात्रणात हमीभाव होता: ४,८९२ रुपये. तो म्हणाला, “मॅडम, पेपरात एक अन् पट्टीवर एक. मोंढ्यात ‘वलं हाय’ म्हणून भाव पाडला. मग हमीभावाचा उपयोग काय?”

त्या दिवशी मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला. वर्गाने आधी हिशेब केला. क्विंटलमागे ७४२ रुपयांचा फरक, ७.२ क्विंटलवर ५,३४२ रुपये ४० पैसे. त्यानंतर मी एकच प्रश्न फळ्यावर लिहिला: हमीभाव ४,८९२ असताना हा माल ४,१५० ला का विकला गेला?

उत्तरे मुलांनीच दिली. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी करून संदेशाची वाट पाहावी लागते. तेथे ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि काढणीच्या वेळी पाऊस झालेला होता. (त्या हंगामात केंद्र सरकारने नोव्हेंबरच्या मध्यावर ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, पण तोवर बहुतेकांचा माल विकला गेला होता.) हरभऱ्याचे बियाणे आणि खत घ्यायचे होते. दिवाळी तोंडावर होती. घरात माल ठेवायला कोरडी जागा नव्हती. एका मुलीने हळूच सांगितले की ज्या आडतीवरून उचल घेतली असते, तेथेच माल घालावा लागतो.

ही सगळी कारणे मी फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि त्यांच्यासमोर पुस्तकातील शब्द लिहिले. घरात पडलेले सोयाबीन म्हणजे साठा आणि त्या भावाला विकायला आणलेले सोयाबीन म्हणजे पुरवठा. भाव वाढला की पुरवठा वाढतो हा नियम ‘इतर परिस्थिती कायम असताना’ लागू होतो, आणि ती ‘इतर परिस्थिती’ म्हणजे नेमके काय, हे फळ्यावर डावीकडे त्यांच्याच शब्दांत लिहिलेले होते. हमीभाव ही केंद्र सरकारने कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून जाहीर केलेली खरेदीची किंमत आहे. ती प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या हातात पडायची तर त्या किमतीला खरेदी करणारा कोणीतरी त्याच दिवशी त्याच गावात उभा असावा लागतो, हे त्या तासिकेला आलेले एकही मूल विसरले नसेल असे मला वाटते.

पट्टी वाचताना पुढील क्रम पाळा: तारीख, वजन, एकक, भाव, एकूण रक्कम, कपाती, हाती आलेली रक्कम. मग ‘हाती आलेली रक्कम भागिले वजन’ हा खरा भाव काढायला लावा. पेरणीपासूनचा खर्च मुलांना घरून विचारता आला तर तोही शेजारी मांडा, मात्र त्यात घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही यावर वर्गात मतभेद होऊ द्या. ‘अंतर्गत खर्च’ (स्वतःच्या साधनांचा, प्रत्यक्ष पैसे न मोजलेला खर्च) ही संकल्पना त्या मतभेदातूनच कळते.

पायरी ५: बातमी वर्गात नेण्याआधी चार गोष्टी तपासा

तारीख, एकक, मूळ स्रोत आणि तुलनेचा काळ. भ्रमणध्वनीवर फिरणारी कांद्याच्या निर्यातबंदीची बातमी दोन वर्षांपूर्वीची असू शकते. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये बंदी घातली, मे २०२४ मध्ये ती उठवून ४० टक्के शुल्क लावले, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आणले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही काढून टाकले. चार टप्पे, चार वेगळ्या बातम्या, आणि चारही अजून फिरत असतात. तारीख नसलेले कात्रण वर्गात नेऊ नये, हा माझा पक्का नियम आहे.

पायरी ६: पस्तीस मिनिटांची मांडणी

पहिली पाच मिनिटे बातमी मोठ्याने वाचावी, एका मुलाने, तीही पूर्ण. पुढची दहा मिनिटे ‘यामुळे कोणाला फायदा, कोणाला तोटा’ हा एकच प्रश्न. त्यानंतर आकडेमोड. संकल्पनेचे नाव शेवटच्या दहा मिनिटांत सांगावे, त्याआधी नाही. नव्या शिक्षकांना हे जड जाते, कारण आपल्याला व्याख्येपासून सुरुवात करण्याची सवय असते. व्याख्या आधी सांगितली की मुले बातमीत तीच शोधत बसतात आणि बाकीचे काही पाहत नाहीत.

खाद्यतेलाच्या आयात शुल्काचे उदाहरण घेऊ, कारण त्यावर मी ही मांडणी सर्वाधिक वेळा वापरली आहे. भारत आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो: पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले आणि उपकर धरून एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेले. मे २०२५ च्या अखेरीस मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणले गेले आणि एकूण शुल्क १६.५ टक्के झाले.

मुलांना सांगा: बंदरावर १०० रुपयांचे कच्चे तेल उतरले, तर या तीन काळांत ते किती रुपयांना पडेल? १०५.५०, १२७.५० आणि ११६.५०. मग वर्गाचे दोन भाग करा. एका भागाने सोयाबीन विकणाऱ्या वडिलांच्या बाजूने बोलावे, दुसऱ्याने तेल आणणाऱ्या आईच्या बाजूने. दहा मिनिटांनी बाजू बदलून घ्या. बाजू बदलणे चुकवू नका, कारण तोवर प्रत्येक गट जिंकण्यासाठी बोलत असतो आणि बदलल्यावर विचार करायला लागतो.

त्यानंतर भाववही उघडा आणि विचारा: शुल्क वाढल्यावर दुकानातील तेल वाढले का? किती आठवड्यांत? आणि मोंढ्यातले सोयाबीन तेवढेच वाढले का? त्या हंगामात तेल महागले, तरी सोयाबीनचे भाव हमीभावाच्या खालीच राहिले, हे मुलांना त्यांच्याच आलेखावर दिसले. असे का, याचे उत्तर सोयाबीनच्या दाण्यात आहे. शंभर किलो सोयाबीन गाळले तर साधारण अठरा किलो तेल निघते आणि बाकीचा मोठा भाग पेंडीचा असतो. ती पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि तिचा भाव जगाच्या बाजारात ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकाशी बांधलेला असतो. तेल एका दिशेला आणि पेंड दुसऱ्या दिशेला गेली, तर दाण्याचा भाव मधल्या मध्ये अडकतो. ‘व्युत्पन्न मागणी’ (तेल-पेंडीच्या मागणीतून दाण्याला येणारी मागणी) आणि ‘संयुक्त पुरवठा’ (एकाच दाण्यातून तेल आणि पेंड एकत्र मिळणे) या दोन संकल्पना येथे एकदम येतात, म्हणून त्या दोन वेगळ्या दिवशी घ्या.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा शेजारी शेजारी अभ्यास असतो. ब्राझील हा जगातील सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक देश आहे. नकाशावरचा तो देश आणि आपल्या तालुक्याचा मोंढा यांना जोडणारी दोरी मुलांनी एकदा फळ्यावर काढली की ते प्रकरण त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

पायरी ७: मोंढ्याची भेट

आठ-दहा मुलांपेक्षा जास्त नेऊ नका. बाजार समितीच्या सचिवांना आधी पत्र द्या आणि सौद्याची वेळ विचारून घ्या, कारण सौदे संपल्यावर गेलात तर मुलांना फक्त पोत्यांच्या थप्प्या दिसतील. तिघांना भेटायला सांगा: एक शेतकरी, एक आडत्या आणि एक हमाल. प्रश्न आधी लिहून न्यावेत आणि ‘तुम्हाला किती नफा होतो’ हा प्रश्न त्यात नसावा, त्याचे उत्तर कोणी खरे देत नाही आणि पुढचे बोलणे बंद होते. त्याऐवजी ‘आज आवक किती’, ‘ओलावा कशाने मोजतात’, ‘एका दिवसात किती पोती उचलता’ असे विचारावे. परत आल्यावर बाजाराचे प्रकार शिकवा. येथे विक्रेते किती आणि खरेदीदार किती, हे मुलांनी मोजलेले असते, आणि ‘पूर्ण स्पर्धा’ या शब्दाकडे ती सावधपणे पाहू लागतात.

नेहमी होणाऱ्या चुका

महागाई कमी झाली म्हणजे भाव कमी झाले, असा समज. ही चूक मोठी माणसेही करतात. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्का जाहीर झाला, तेव्हा माझ्या वर्गाने एकमुखाने विचारले की मग घरी तेल का महाग आहे. तीन आकडे फळ्यावर लिहा: १००, १०८, ११०. पहिल्या वर्षी वाढ ८ टक्के, दुसऱ्या वर्षी दोन टक्क्यांहून थोडी कमी. दर उतरला, पण भाव चढलाच. मग सांगा की हा दर एका मोठ्या टोपलीचा असतो. त्या महिन्यात भाजीपाला आणि डाळी वर्षभरापूर्वीपेक्षा स्वस्त होत्या आणि खाद्यतेल मात्र महाग होते. २०१२ पायाभूत वर्षाच्या त्या मालिकेत अन्न व पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. ज्या घराचा दोनतृतीयांश खर्च अन्नावर होतो, त्या घराची महागाई सरकारी आकड्यापेक्षा वेगळी निघणारच. मुलांना स्वतःच्या घराची टोपली बनवायला लावा.

टक्के आणि टक्केवारीतील अंक यांचा घोळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५ टक्के झाला. ही पाव टक्का अंकाची घट आहे. मूळ दराच्या तुलनेत मोजली तर ती जवळजवळ ४ टक्के भरते. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कोणती सांगतो आहोत ते स्पष्ट हवे.

एकाच कारणाला सगळे चिकटवणे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोहोचले होते आणि काढणीच्या वेळी निम्म्यावर आले. त्याच काळात केंद्राने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली होती, आणि त्याच काळात नवे पीकही बाजारात येत होते. कोणते कारण किती, हे वर्गात ठरवता येत नाही. दोन्ही लिहून ठेवावीत.

राजकारणात घसरणे. गावात प्रत्येक घर कोणत्या ना कोणत्या पक्षाचे असते. मी वर्गात ‘शासनाने’ एवढाच कर्ता वापरते, आणि एका निर्णयाची तुलना दुसऱ्या काळातील तशाच निर्णयाशी करायला लावते. तरीही एखादा पालक विचारायला आलाच, तर त्यांना भाववही दाखवते.

मुलाच्या घरची जखम उघडी करणे. याविषयी मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे. तिसऱ्या वर्षी ‘बिगरसंस्थात्मक कर्ज’ शिकवताना मी भर वर्गात विचारले की कोणाकोणाच्या घरी सावकाराचे कर्ज आहे. एका मुलीने हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. ती पुढचे तीन दिवस शाळेत आली नाही. तेव्हापासून घरच्या पैशांची कोणतीही माहिती मी निनावी चिठ्ठीवरच घेते, चिठ्ठी न देण्याची मुभा ठेवते आणि चिठ्ठ्या वर्गात वाचून न दाखवता फक्त बेरीज सांगते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात पिके आणि जमिनी वाहून गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यांत मी नुकसानभरपाई, पीकविमा आणि शासकीय मदत हे विषय घेतले नाहीत. दिवाळीनंतर, मुलांनी स्वतः विचारले तेव्हा घेतले. बातमी ताजी आहे म्हणून ती लगेच शिकवलीच पाहिजे असे नाही.

पायरी ८: मूल्यमापन

मंडळाच्या परीक्षेत व्याख्या आणि आकृत्याच विचारल्या जातात, आणि मुलांना तेथे गुण मिळालेच पाहिजेत. म्हणून प्रत्येक बातमीच्या तासिकेनंतर मी पुस्तकातील एक प्रश्न घरी लिहायला देते आणि उत्तरात भाववहीतील एक तरी आकडा यावा असे सांगते. अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प द्यायचा असेल तर ‘जीएसटीचा परिणाम’ यासारखा मोठा विषय देऊ नका, मुले आंतरजालावरून उतरवून आणतात. त्याऐवजी असा द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांवरील जीएसटी शून्य झाला. तुमच्या गावातील दोन दुकानांत जुन्या छपाईची आणि नव्या छपाईची वही शोधा, पाने आणि छापील किंमत लिहा, दुकानदाराला विचारा, आणि एका पानात काय आढळले ते सांगा. गेल्या खेपेला एका जोडीला आढळले की किंमत तीच होती आणि पाने कमी झाली होती. त्या दोघांना मी सर्वाधिक गुण दिले, कारण त्यांनी पाने मोजली होती.

वर्षाच्या शेवटी

मार्चमध्ये भाववहीच्या शेवटच्या पानावर त्या वर्गाने दोन गोष्टी लिहायच्या असतात: आम्हाला न सुटलेला एक प्रश्न, आणि पुढच्या हंगामात भाव कुठे जाईल याचा अंदाज, कारणासह. मग वही पुढच्या वर्गाकडे जाते. जूनच्या पहिल्या सोमवारी नव्या जोडीने नोंद करण्याआधी तो अंदाज मोठ्याने वाचायचा आणि त्या दिवसाचा भाव त्याखाली लिहायचा. आमच्या कपाटात आता अशा सहा वह्या आहेत. तुमची पहिली वही सुरू करायला जूनच हवा असे नाही, येत्या सोमवारचे चार आकडे पुरेसे आहेत.